रानजागर

पूर्वी कुंभवती नगरीत रेणुसेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने जवळच्या डोंगराळ रानात धनेश पक्ष्याच्या कुळात जन्म घेतला होता. चोच भली मोठी आणि पिवळीधमक, तिच्यावर शिंगासारखा उंचवटा, आणि उडू लागला की पंखांचा आवाज लोहाराच्या भात्यासारखा येई. दिसायला असा दांडगा असला तरी स्वभावाने तो फार शांत होता. रानातली पाखरे भांडली की निवाड्याला त्याच्याकडे येत. तो दोघांचे ऐकून घेई, आणि बरेचदा तेवढ्यानेच भांडण मिटे.

धनेशांच्या घरची एक रीत आहे. वसंत जवळ आला की मादी उंच झाडाची ढोली निवडून आत बसते आणि ढोलीचे तोंड चिखलाने लिंपून टाकते. चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते. आत ती अंडे घालते, पंखांची पिसे गाळते आणि पिलू थोडे मोठे होईपर्यंत आतच राहते. मनात आले तरी तिला उडता येत नाही, कारण उडायला पिसेच नसतात. तोवर तिला आणि पिलाला जगवणे हे एकट्या नराचे काम. तो घशात उंबराची फळे भरून आणतो आणि खोडावर चोचीने टकटक करतो. ती टकटक ओळखीची वाटली तरच मादी फटीशी येते, नाहीतर पिलाला घेऊन ढोलीत वर सरकून बसते. घोरपडीचा काही नेम नसतो. त्या वर्षी बोधिसत्त्वाची सहचरी एका जुन्या बेहड्याच्या ढोलीत बसली होती आणि पिलू नुकतेच अंड्याबाहेर आले होते.

आता नगरीतल्या लोकांविषयी सांगायला हवे. कुंभवतीचे लोक वाईट नव्हते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची हकीकत ऐकून तुम्हाला त्यांचा राग येईल.

ती नगरीच मोठ्या आवाजाची होती. पहाटेपासून तांबटांच्या हातोड्या सुरू होत, त्यांच्यावर ताण करून भाजीवाल्या ओरडत, आणि त्या सगळ्यांच्या वर ऐकू यावे म्हणून घरातली माणसेही एकमेकांशी ओरडूनच बोलत. एखादा घटकाभर गप्प बसला तर शेजारीण डोकावून विचारी, "बरं नाही का वाटत?" अशा लोकांना रानात गेले की करमत नसे. तिथली शांतता त्यांना आजारपणासारखी वाटे. राजाच्या आजोबांच्या काळात कुणीतरी असे ठरवले की रान हिवाळ्यात झोपते आणि त्याला वेळेवर उठवले नाही तर वसंत यायचाच नाही. तेव्हापासून दरवर्षी चैत्रात सारी नगरी ढोल, शिंगे आणि झांजा घेऊन रानात जाई आणि पौर्णिमेपर्यंत तिथेच तळ ठोकून रानाला जागे करी. याला ते रानजागर म्हणत.

पहिली काही वर्षे ते रानाच्या काठावरच थांबत. मग एका वर्षी आले तेव्हा काठावरची पाखरे निघून गेलेली, फुलोरा कमी झालेला. खरे तर फळे खाऊन बिया रानभर पेरणारे गेले, म्हणून नवी झाडे उगवेनात. पण लोकांनी आपसात विचार केला आणि म्हणाले, रान जास्तच गाढ झोपले आहे. म्हणून त्यांनी ढोल वाढवले आणि थोडे आत गेले. पुढच्या वर्षी आणखी ढोल, आणखी आत. आपण उपकार करतो आहोत अशी एकदा खात्री पटली की माणसाला थांबवणे फार अवघड असते. असे करता करता त्या वर्षी त्यांचा तळ थेट बेहड्याखाली पडला.

ढोल वाजवणाऱ्यांचा प्रमुख नंदिघोष नावाचा मनुष्य होता. त्याच्या हाताखाली शेकडो वादक, आणि त्याचा स्वतःचा ढोल बैलगाडीतून आणावा लागे. त्याने तो बेहड्याच्या मुळांवरच ठेवला आणि म्हणाला, "इथून वाजवलं म्हणजे झाडाच्या मुळापर्यंत पोचेल." आणि खरोखरच पोचले.

बोधिसत्त्व घशात फळे भरून परत आला तेव्हा खाली माणसांचा समुद्र होता. जागोजागी चुली पेटलेल्या, धूर वर चढत होता, आणि ढोलांच्या आवाजाने बेहड्याचे खोड थरथरत होते. तरी तो खाली झेपावला. त्याला पाहताच लोक आनंदाने नाचू लागले. "आलं, आलं! रान उठू लागलं!" असे ओरडत त्यांनी शिंगे त्याच्याच दिशेने फुंकली. तो कसाबसा खोडाला बिलगला आणि त्याने टकटक केली. पण सारे खोडच दणदणत असताना त्याची टकटक ओळखणार कोण? आत ती पिलाला पंखाखाली घेऊन वर सरकली होती. फटीशी कुणी आले नाही. त्याने पुन्हा टकटक केली, हाका मारल्या. मग धुराने डोळे चुरचुरू लागले आणि तो उडाला.

दुसऱ्या दिवशीही तेच झाले. लोक पहाट फुटायच्या आत वाजवायला लागत आणि मशाली विझेपर्यंत थांबत नसत. अंधारात धनेशाला दिसत नाही. उजेडात ढोल थांबत नव्हते. पौर्णिमा अजून लांब होती, आणि एवढेसे पिलू तोवर जगणार नाही हे त्याला स्पष्ट कळत होते.

जवळच्या सावरीच्या झाडावर आग्या माश्यांचे मोठे पोळे होते. तिथल्या राणीमाशीशी बोधिसत्त्वाचा जुना घरोबा होता. तिने त्याला फांदीवर मान खाली घालून बसलेले पाहिले आणि बोलावून घेतले.

"दादा, तू नुसतं हो म्हण," ती म्हणाली. "माझ्या पोरी एकदा सुटल्या ना, तर तू पाणी पिऊन येईपर्यंत इथं एक माणूस उरणार नाही. ढोल टाकून पळतील."

"पळता न येणारेही आहेत त्यांच्यात," बोधिसत्त्व म्हणाला. "कडेवरची पोरं आहेत. काठी टेकत आलेली म्हातारी माणसं आहेत."

"आणि तुझं पोर?"

त्याने बेहड्याकडे पाहिले. त्या क्षणी हो म्हणावेसे त्याला वाटले, आणि वाटले हे सांगण्यात कमीपणा नाही. बाप होता तो. अखेर तो म्हणाला, "माझं पोर उपाशी आहे म्हणून दुसऱ्याचं मारायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही. या लोकांना मी ओळखतच नाही, बाई. ज्यांना समजवायचं त्यांचं घर तरी एकदा बघून येतो. तोवर थांब."

"थांबते. पण त्यांच्या चुली रोज सरकत सरकत इकडे येतायत. धूर माझ्या पोळ्याला लागला तर मग मी तुझी वाट बघायची नाही. मलाही पोरं आहेत."

"कबूल," असे म्हणून तो नगरीकडे उडाला.

नगरी त्या दिवसांत अर्धी रिकामी होती, तरी गलबला काही कमी नव्हता. मागे राहिलेल्यांनी रानजागराला निघायची तयारी चालवली होती आणि एक मिरवणूक वाजतगाजत वेशीकडे चालली होती. बोधिसत्त्व एका पिंपळावर बसून पाहत राहिला. हे लोक कशानेच थांबत नाहीत की काय, असे त्याच्या मनात आले. इतक्यात मिरवणूक एका लहानशा घराजवळ आली आणि एकाएकी गप्प झाली. कुणी हुकूम दिला नाही, कुणी हात वर केला नाही. वादकांनी ढोल पोटाशी धरले, बोलणाऱ्यांनी बोलणे गिळले, आणि सगळे जण चवड्यांवर चालत घरासमोरून गेले. बरेच पुढे गेल्यावर पुन्हा ढोल सुरू झाले.

शेजारच्या फांदीवर एक कावळा चोच पुसत बसला होता. बोधिसत्त्वाने त्याला विचारले, "बाबा रे, त्या घरात कुणी राजा राहतो का?"

कावळा खो खो हसला. "राजा? रानातून आलास वाटतं! एवढी मोठी चोच घेऊन फिरतोस आणि एवढं ठाऊक नाही? ते दारावर काय लटकतंय बघ."

"कडुलिंबाचा डहाळा आहे."

"मग? आत ओली बाळंतीण आहे. दारावर लिंब दिसला की इथं ढोल वाजवायचा नाही. राजाची स्वारी असली तरी नाही. ही मंडळी दुसऱ्या कुणाच्या बापाला भीत नाहीत, पण लिंबाच्या डहाळ्यापुढे मांजर होतात. आमच्याही पोरांना तेवढ्यापुरतं काव काव करू देत नाहीत, बोल!"

बोधिसत्त्व पुष्कळ वेळ त्या दाराकडे पाहत राहिला. दार बंद होते आणि वरची झडप तेवढी जराशी किलकिली होती. एक म्हातारी वाटीत काहीतरी गरम घेऊन आली, तिने हलकेच कडी वाजवली, आणि आतून एक हात बाहेर आला. त्याचे डोळे भरून आले. यांच्या घरी आपल्यासारखेच चालते, आणि ते आपल्यापेक्षाही जपतात. मग या लोकांना दगडाच्या काळजाचे कसे म्हणावे? आपल्या ढोलीलाही असेच दार आहे हे त्यांना ठाऊकच नाही, एवढेच.

त्याने कावळ्याचे आभार मानले, परसातल्या कडुलिंबाचा एक चांगला पालेदार डहाळा तोडून चोचीत धरला, वाटेत उंबरावर थांबून घसा फळांनी भरून घेतला आणि रानाकडे निघाला.

तो पोचला तेव्हा दुपार कलली होती. राजा रेणुसेन स्वतः तळावर आला होता, त्यामुळे वादकांना नुसता ऊत आला होता. कुणीतरी सावरीच्या अगदी बुंध्याशी नवी चूल मांडली होती. ओल्या पाल्याचा धूर वर चालला होता आणि पोळ्यावरच्या माश्यांमधून एक काळी लाट इकडून तिकडे फिरत होती. माश्या उठण्यापूर्वी असेच होते. बोधिसत्त्वाने ते पाहिले आणि तो सरळ बेहड्यावर झेपावला.

चोचीत हिरवा डहाळा धरलेला एवढा मोठा पक्षी पाहून लोकांच्या आनंदाला पारावार उरला नाही. रान जागे झाले, त्याने पालवी पाठवली, असा एकच गजर झाला. राजानेही टाळ्या पिटल्या. ढोल दुप्पट जोराने वाजू लागले. बोधिसत्त्वाने नख्यांनी साल घट्ट धरली आणि डहाळ्याचा देठ फटीतून आत सारला. पण हादऱ्यांनी डहाळा घसरू लागला. तो पुन्हा पुन्हा सारत होता आणि डहाळा पुन्हा पुन्हा बाहेर येत होता.

आत अंधारात धनेशीला फटीतून काहीतरी लांबट आत येताना दिसले. घोरपडच आली, असे तिला वाटले. अंगात त्राण नव्हते, पण पिलू मागे होते. ती खाली झेपावली आणि तिने देठ चोचीत असा काही करकचून धरला की मग तो हलेचना. फटीबाहेर कडुलिंबाचा पाला ताठ उभा राहिला. बोधिसत्त्व बाजूला झाला.

नंदिघोषाने सहज वर पाहिले. त्याचा हात हवेतच राहिला. हात आधी थांबला, आणि का थांबला हे त्याला मागाहून कळले. लहानपणी बापाने ढोल शिकवला तेव्हा वाजवण्याआधी थांबायला शिकवले होते, आणि ते आयुष्यभर हातात मुरलेले होते. प्रमुखाचा ढोल थांबला म्हणून शेजारचा थांबला, त्याच्या शेजारचा थांबला, आणि तळाच्या टोकापर्यंत एकेक ढोल गप्प होत गेला.

राजा चिडून म्हणाला, "नंदिघोषा, थांबलास का?"

नंदिघोषाने ओठांवर बोट ठेवले. राजासमोर असे कुणी करीत नाही, पण त्याला त्याचे भान नव्हते. "महाराज, हळू," तो कुजबुजला. "दारावर लिंब आहे."

"दार? रानात कसलं आलंय दार?"

नंदिघोषाने वर बोट दाखवले. लिंपलेली ढोली, तिच्यातली फट, फटीतून आलेला डहाळा आणि तो धरून ठेवणारे चोचीचे टोक, सारे जण पाहू लागले.

त्या शांततेत बोधिसत्त्वाने खोडावर टकटक केली.

आतल्या चोचीने देठ सोडला. डहाळा खाली पडला आणि फटीतून थकलेला, पण चांगलाच संतापलेला आवाज आला, "अहो, होता कुठं इतके दिवस? आणि पोर भुकेनं कासावीस झालंय, अन् तुम्ही लिंब घेऊन आलात?"

तिथल्या कित्येक पुरुषांना हा सूर आपल्या घरचा वाटला, पण हसले कुणी नाही. बोधिसत्त्वाने घशातून एक फळ वर आणले आणि फटीत दिले, मग दुसरे, मग तिसरे. आधी काहीच ऐकू आले नाही. खाली उभ्या असलेल्या बायका पदर तोंडाला लावून वर पाहत होत्या. नंदिघोषाने डोळे मिटून घेतले होते. आपण याच मुळांवर ढोल ठेवला, एवढे एकच त्याच्या मनात फिरत होते. मग ढोलीतून एक किरटी, हट्टी चिवचिव आली. आणखी पाहिजे म्हणून पिलू ओरडत होते. त्याबरोबर नंदिघोष लहान मुलासारखा रडू लागला, आणि रडण्याचा आवाज होऊ नये म्हणून त्याने मुंडासे तोंडात धरले.

चुलीवर कुणी पाणी ओतले, कुणी माती टाकली. सावरीखालची चूलही विझली. पोळ्यावरची काळी लाट मंदावली आणि राणीमाशीने आपल्या पोरींना परत कामाला लावले. आपण कशातून वाचलो हे त्या लोकांना कधीच कळले नाही. बोधिसत्त्वाने सांगितले नाही. त्यांच्या हातून चांगले घडले होते, त्यात त्याला धाक मिसळायचा नव्हता.

ढोल थांबल्यावर जे ऐकू आले, ते मात्र सगळ्यांनी ऐकले. खालच्या खडकातून झरा वाहत होता. पाल्यात कुणी खुरडत होते. सावरीवर माश्यांची गुणगुण चालली होती, दूर एक भारद्वाज घुमत होता, आणि वाऱ्याने वाळलेली शेंग फुटून बिया टपटप पडत होत्या. पिढ्यान्‌पिढ्या या रानात येऊनही त्यांनी यातले काही ऐकले नव्हते.

राजाने हात जोडले आणि हळू आवाजात विचारले, "पक्षिराज, हे रान कधी उठलं?"

"महाराज, ते झोपलंच नव्हतं," बोधिसत्त्व म्हणाला. "ते कामात असतं. घरोघरी बाळंतिणी आहेत. कुणी ढोलीत, कुणी बिळात, कुणी गवतात. तुम्ही प्रेमानं आलात हे मला ठाऊक आहे. पण तुमच्या आवाजात आम्हाला आमच्या माणसांची हाक ऐकू येत नाही, आणि मग पोरं उपाशी मरतात. एवढंच सांगायचं होतं."

राजाने मान खाली घातली. "आम्हाला कुणी सांगितलं नाही," तो म्हणाला, आणि लगेच स्वतःच म्हणाला, "सांगितलं असेल. ऐकू आलं नसेल."

त्याच संध्याकाळी तळ उठला. ढोल गाडीत चढवताना एकमेकांवर आपटू नयेत म्हणून बायकांनी मध्ये आपली लुगडी घातली. दुसऱ्या वर्षीपासून रानाच्या वाटेवरच्या पहिल्या झाडाला नंदिघोष स्वतःच्या हाताने कडुलिंबाचा डहाळा बांधू लागला. लोक ढोल तिथे ठेवत आणि आत जाऊन बसत. सगळ्यांनाच ते साधले असे नाही. काही शेठ म्हणत की वाजल्याशिवाय जेवण उतरत नाही, आणि काहींना बसल्या जागी झोप लागून ते घोरत, मग शेजारचा त्यांना कोपर मारी. पण दरवर्षी गप्प बसणारे वाढत गेले. उत्सवाचे नाव रानजागर हेच राहिले. बेहड्यातले पिलू यथावकाश बाहेर पडले, थोराड झाले, आणि निघून गेलेले धनेशही एकेक करून परतले. त्यांनी पेरलेली उंबरे पुढे नगरीच्या वेशीपर्यंत आली.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, एका आमराईत आपल्या भिक्षूंना सांगितली. तिथे काही नवे भिक्षू तळ्याच्या काठी बसून भल्या मोठ्या आवाजात सूत्रे घोकत असत. आमराईतल्या किड्यामुंगीलाही धर्म ऐकू जावा, अशी त्यांची सद्भावना होती. त्यांत सुनाद नावाच्या भिक्षूचा आवाज सर्वांत मोठा. तळ्यापलीकडच्या कुटीत सुव्रता नावाची भिक्षुणी तापाने पडली होती आणि तिचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. तिची शुश्रूषा करणारी भिक्षुणी अनला तावातावाने तक्रार घेऊन आली. तेव्हा शास्त्यांनी कुणालाही रागे न भरता सर्वांना जवळ बसवले आणि हे सांगितले.

सांगून झाल्यावर शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळची ढोलीतली धनेशी म्हणजे आजची सुव्रता. राणीमाशी ही अनला होती, आणि आजही तिने चावा न घेता आधी विचारलं, हे चांगलं झालं. राजा रेणुसेन म्हणजे या आमराईचा धनी. कावळा तुमच्यातच कुठेतरी हसत बसला आहे, त्याचं नाव मी सांगत नाही. ढोलप्रमुख नंदिघोष म्हणजे हा सुनाद. आणि तो धनेश मीच होतो."

सुनाद उठला. त्याने पात्रात गरम पेज घेतली, चवड्यांवर चालत तळ्याला वळसा घातला, आणि कुटीच्या दाराची कडी अगदी हलकेच वाजवली.

त्याच्याकडे पाहत शास्ते म्हणाले, "त्या जन्मी मी मैत्री नावाची पारमिता, बोधिसत्त्वाने पूर्णत्वाला न्यायचा एक गुण, वाढवली. ज्याच्या गोंगाटाने आपलं घर बुडायला आलं आहे, त्याच्याही घरी एक दार असतं, आणि त्या दारापाशी तोही हळू चालतो. हे स्वतः जाऊन पाहणं म्हणजे मैत्री."